तळहातावरचं लिंबू

"उद्देश काय लिहू, वस्ताद?"

"लिंबू."

मी पेन थांबवलं. तातोबा वस्ताद तालमीच्या उंबऱ्यावर पाय पसरून बसले होते आणि एका लाठीला तेल चोळत होते. चेहऱ्यावर हसू नाही, डोळ्यांत मिस्कीलपणा नाही.

"लिंबू म्हणजे?"

"लिंबू म्हंजे लिंबू. ते कापायचं. मंडळाचा उद्देश, लिंबू कापणे. लिव."

मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो आणि कोल्हापूरच्या आमच्या खंदक गल्लीतला पहिला बी. ए. होतो. गल्लीत कुणाला नोटीस आली, कुणाच्या लग्नाची पत्रिका छापायची निघाली, की "मनोहर इंगवल्याला बोलवा" व्हायचं. त्यामुळे डोक्यात थोडी हवा होती हे आज कबूल करायला हरकत नाही. सरकारी फॉर्मवर 'लिंबू कापणे' असं लिहिणं माझ्या पदवीला झेपणारं नव्हतं.

आणि फॉर्मही साधासुधा नव्हता. आमचं मर्दानी खेळ मंडळ, म्हणजे लाठी, तलवार, पट्टा शिकवणारी तालीम, शाळेमागच्या एका लांबट कौलारू खोलीत भरायची. ती खोली नगरपालिकेची. पालिकेला अचानक तिथं मोडकी बाकं नि जुने दिव्याचे खांब ठेवायची बुद्धी झाली. जुन्या खेळांच्या मंडळांना मान्यता देणारी एक समिती त्या साली नेमली होती. तिचा शिक्का मिळाला तर खोली राहणार, नाही मिळाला तर दसऱ्याआधी रिकामी करायची. समितीतले निमकर नावाचे गृहस्थ रविवारी सकाळी येणार होते. फॉर्मला चार रकाने : नाव, स्थापना, इतिहास, उद्देश. आणि त्या दिवशी बुधवार होता.

"बरं, उद्देशाचं राहू द्या. इतिहास सांगा," मी म्हटलं.

"एकतीस साली निघालं. मैनू वस्तादांनी काढलं. मी हुतो, बाळा चौगले हुता. झालं की."

"वस्ताद, या रकान्याला अख्खं पान सोडलंय."

"मग मोठ्या अक्षरात लिव."

असा माणूस. त्यांच्या डाव्या हाताची करंगळी अर्धीच होती. लहानपणी मी विचारलं तेव्हा म्हणाले, उंदरानं खाल्ली. हिंदुरावनं विचारलं तेव्हा म्हणाले, हुंड्यात सासऱ्याला दिली. गल्लीतल्या प्रत्येक पोराकडं त्या करंगळीची वेगळी हकीकत होती आणि सगळ्या वस्तादांनीच पुरवलेल्या.

आता हिंदुरावचं सांगायला हवं. हिंदुराव चौगले म्हणजे वस्तादांनी नाव घेतलेल्या त्या बाळा चौगल्यांचा नातू, माझ्या वयाचा, बालवाडीपासूनचा माझा दोस्त. पट्टा खेळावा तर त्यानंच. पट्टा म्हणजे कोपरापर्यंत हात झाकणारी पोलादी मूठ आणि तिच्यापुढं माणसाच्या छातीपर्यंत येईल इतकं लांब, लवलवतं, दुधारी पातं. मनगट हलवून चालत नाही, सगळं अंग फिरवावं लागतं. हिंदुराव फिरायला लागला की आम्ही आपोआप चार पावलं मागं सरकायचो.

अशा या वाघाला पालीची भीती वाटायची. भिंतीवर पाल दिसली की गडी ओसरीवरून थेट रस्त्यात. हे गुपित मला एकट्याला माहीत होतं. ते मी त्याच्या लग्नात, जेवणाच्या पंगती चालू असताना, त्याच्या सगळ्या सासुरवाडीसमोर, माइकवरून सांगितलं. वर "नवऱ्या मुलाच्या खोलीतल्या भिंती वधूपक्षानं तपासून घ्याव्यात" अशी विनंतीही केली. पंगत हसून आडवी झाली. हिंदुराव हसला नाही.

त्याला आठ महिने झाले होते. आठ महिने तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. तालमीत आम्ही दोघंच असलो तरी तो लाठ्यांच्या घडवंचीकडं बघून म्हणायचा, "ज्यानं कुणी माझा टॉवेल घेतलाय त्यानं ठेवावा." मीही कमी नव्हतो. मी खुंटीला सांगायचो, "टॉवेल घेणाऱ्याचं म्हणणं आहे की तो त्याचाच आहे." चूक माझी होती हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण माफी मागायची म्हणजे आधी त्यानं ऐकून घ्यायला हवं ना! आणि आत कुठंतरी मला त्याचा रागही येत होता, की एवढ्याशा थट्टेनं वीस वर्षांची दोस्ती मोडतो म्हणजे काय.

तर असा राग पोटात घेऊन मी इतिहास लिहायला बसलो.

पहिला परिच्छेद बरा होता. दुसऱ्यात मैनू वस्तादांची सात पिढ्यांची परंपरा घातली. ती मला ठाऊक नव्हती, पण असणारच. तिसऱ्याला हात मोकळा झाला. तिथं सन १९३५ मध्ये पन्हाळ्याच्या बाजूनं एक बिबट्या खंदक गल्लीत उतरला. तरुण तातोबा सुतार पट्टा घेऊन एकटे सामोरे गेले. तुंबळ झुंज झाली, बिबट्या पडला आणि तातोबांची करंगळी कामी आली. इथं थांबायला हवं होतं. पण मी पुढं लिहिलं, "त्या समयी त्यांचे जोडीदार श्री. बाळा चौगले हे चिंचेच्या झाडावर होते व बिबट्या मेल्याची खात्री झाल्यावर खाली उतरले."

लिहून झाल्यावर मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा हसलो. उद्देशाची तर दोन पानं झाली. त्यात राष्ट्र होतं, तेज होतं, बलोपासना होती, तरुण पिढी होती. लिंबू नव्हतं.

लिंबाचं काय होतं तेही इथं सांगून टाकतो. दसऱ्याच्या आमच्या खेळात शेवटचा प्रयोग लिंबाचा. एकानं हात लांब करून तळहातावर लिंबू ठेवायचं आणि दुसऱ्यानं पट्ट्याच्या एका फटक्यात त्याची दोन शकलं करायची. हाताला ओरखडासुद्धा येता कामा नये. धरणार कोण आणि कापणार कोण, ही नावं वस्ताद ऐन वेळी पुकारायचे. त्यांचा हिशोब कुणालाच उमगला नव्हता. एका वर्षी मंडळातल्या दोन साडूंना उभं केलं, एका वर्षी शेजारी राहणाऱ्या दोघा शिंप्यांना. मी आणि हिंदुराव पंधरा वर्षं खेळत होतो, पण आमची जोडी त्यांनी कधी पुकारली नव्हती. ते राशी जुळवतात असं माझं मत होतं आणि मी तसं इतिहासात लिहूनही टाकलं होतं.

रविवारी निमकर साहेब नऊला आले. बारीक चणीचे, जाड भिंगाचा चष्मा, हातात फाइल. सगळं मंडळ आंघोळ करून, फेटे बांधून उभं. भिंतीवरच्या तलवारी चकचकीत केलेल्या. वस्तादांच्या पत्नी गंगूकाकू चहाची किटली घेऊन दारात.

"इतिहास लिहिणारे कोण?" साहेबांनी विचारलं.

मी छाती पुढं काढली.

"मोठ्यानं वाचा. मंडळींनाही ऐकू दे."

हे मी धरून चाललो नव्हतो. माझी समजूत अशी की साहेब कागद फाइलला लावतील आणि घेऊन जातील. मी वाचायला लागलो. सात पिढ्यांवर मंडळी एकमेकांकडं बघायला लागली. राशी जुळवण्यावर वस्तादांनी भुवई वर केली. बिबट्या गल्लीत शिरला तेव्हा गंगूकाकूंनी पदर तोंडाला लावला. झाड जवळ यायला लागलं तसा माझा आवाज आपोआप खाली गेला.

"ऐकू येत नाही," साहेब म्हणाले.

मग चिंचेचं झाड मोठ्यानं वाचावं लागलं.

हिंदुरावकडं मी पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. माझा उजवा कान त्या बाजूनं गरम झाला होता.

"बिबट्याला काही पुरावा?" साहेबांनी विचारलं.

"वस्तादांची करंगळी," मी म्हटलं.

वस्तादांनी आपला डावा हात वर केला आणि ती अर्धी करंगळी अशी उलटसुलट करून पाहिली, की जणू आजच कुणी आणून लावलीय.

साहेबांनी उद्देशाची दोन पानं स्वतःच चाळली, फाइल मिटली आणि चष्मा काढून पुसला. "हे बघा," ते म्हणाले, "काल मी तीन मंडळं पाहिली. तिन्ही ठिकाणी हेच तेज आणि हीच तरुण पिढी होती. एका ठिकाणी तर बिबट्याही होता. मी शिक्का कशावर मारू? वस्ताद, तुम्ही सांगा. तुमचं मंडळ कशासाठी आहे?"

खोली चालली, आणि ती माझ्या शहाणपणानं चालली. त्या खोलीत मी दहा वर्षांचा असल्यापासून लाठी फिरवत होतो. तिथली लाल माती मी घरी नेऊन आईच्या शिव्या खाल्ल्या होत्या. आता तिथं दिव्याचे खांब येणार.

वस्ताद उठले. "सांगाय मला येत न्हाई, साहेब. दावतो." मग कोनाड्यातनं एक लिंबू काढलं आणि माझ्यापुढं धरलं. "मनोहर, तू धर. हिंदुराव, पट्टा घे."

वस्ताद सोडून सगळ्यांना माहीत होतं की आम्ही आठ महिने बोलत नाही, अशी माझी तेव्हा समजूत होती.

"वस्ताद," मी हळूच म्हटलं, "दुसरं कुणी..."

"का? बी. ए. ला लिंबू धराय शिकवत न्हाईत?"

मी हौदाच्या, म्हणजे तालमीतल्या लाल मातीच्या आखाड्याच्या, मधोमध जाऊन उभा राहिलो. उजवा हात लांब केला. लिंबू तळहातावर ठेवलं. ते थरथरत होतं, म्हणजे हात थरथरत होता. समोर हिंदुराव पट्ट्यात हात घालत होता. आतली मूठ त्यानं घट्ट धरली, पातं एकदा हवेत झटकलं आणि माझ्यापासून तीन पावलांवर उभा राहिला. त्याच्या मानेची शीर उडत होती. त्याच्या आज्याला मी पाच मिनिटांपूर्वी झाडावर चढवलं होतं. आणि तो आजा त्याला जीव की प्राण होता, हे मला सोडून दुसऱ्या कुणाला जास्त माहीत असणार?

त्यानं एक गिरकी घेतली. दुसरी घेतली. पात्याचा वारा माझ्या गालाला लागला. मी डोळे मिटले.

"डोळे उघड," हिंदुराव म्हणाला.

आठ महिन्यांतला पहिला शब्द. मी डोळे उघडले.

"हलू नकोस," तो म्हणाला. "हललास तर जाईल हात."

आणि मग मला काय झालं कुणास ठाऊक. मी म्हटलं, "आणि पाल आली तर?"

हिंदुराव थांबला. पातं खाली आलं. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग ओठ आवळले, मग नाकपुड्या हलायला लागल्या. तो हसला. माझ्याकडं बघून, कमरेत वाकून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. मीही हसायला लागलो आणि लिंबू घरंगळून मातीत पडलं.

"हसून घ्या," वस्ताद म्हणाले. "हसं संपल्याबिगर कुणी पातं हलवायचं न्हाई."

संपलं. मी लिंबू उचललं, पुसलं, परत हातावर ठेवलं. या वेळी ते थरथरलं नाही. "चिंचेचं चुकलं माझं," मी म्हटलं. "आणि माइकचंसुद्धा."

"ते नंतर बघतो तुला," तो म्हणाला, आणि फिरला. एक गिरकी, दुसरी, तिसरीला पातं वरनं आलं. तळहाताला नुसती गार हवा लागली. लिंबाची दोन शकलं दोन बाजूंना पडली आणि बोटांवरून रस ओघळला. हात तिथंच होता, पाच बोटांसकट. मी तो उगाचच मोजला.

वस्ताद साहेबांकडं वळले. "बघितलासा? हे दोघं आठ म्हैने बोलत नव्हते."

म्हणजे त्यांना माहीत होतं.

"साडूंचा जागेवरनं तंटा हुता. शिंप्यांचं गिऱ्हाईकावरनं. ज्येचं ज्येच्याशी बिनसलं, ती जोडी मी लिंबाला हुभी करतो. मैनू वस्तादांनी त्येवढ्यासाठीच मंडळ काढलं. एकतीस सालच्या दिवाळीत पाडव्याला म्हशी पळवताना माझी म्हस पुढं का बाळाची, यावरनं दोन गल्ल्यांत काठ्या निघाल्या. चौघांची टाळकी फुटली. मैनू वस्ताद म्हणाले, लढायचं हाय न्हवं? मग नीट शिका. वरीसभर दोघांस्नी एका हौदात शिकवलं. आन् दसऱ्याला बाळाच्या हातात पट्टा दिला, माझ्या हातावर लिंबू."

"आणि करंगळी?" साहेबांनी विचारलं.

गंगूकाकू दारातनं म्हणाल्या, "आता तरी खरं सांगा. माझ्या बापाला बी कधी हुंड्यात करंगळी घेतल्याचं आठवलं न्हाई."

वस्तादांनी हाताकडं पाहिलं. पहिल्यांदाच मला ते म्हातारे दिसले. "जुनी लोकं समजत्यात बाळाचा हात चुकला. त्येनं कधी कुणाला सांगितलं न्हाई, लोकांचं बोलणं निमूट ऐकून घेतलं. त्येचा हात चुकला नव्हता, साहेब. त्यो बरोबर लिंबावर आला हुता. मला वाटलं, हा डाव साधणार. म्हणून मी हात वडला."

हिंदुराव पट्ट्यातला हात न काढता तसाच उभा होता. त्याचा आजा मरेपर्यंत 'करंगळी तोडणारा' म्हणून चेष्टेचा धनी झाला होता, हे गल्लीतल्या जुन्या माणसांना माहीत होतं. वस्तादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझ्या आज्याचं मी येवढं देणं लागतो बग. उंदरं आन् सासरं काढून दडवत बसलो. आज सांगितलं."

निमकर साहेबांनी फाइल उघडली. माझ्या दोन पानांवर तिरकी रेघ मारली आणि पेन माझ्यापुढं केलं. "लिहा. चौथा रकाना."

मी लिंबानं चिकट झालेल्या हातानं लिहिलं : उद्देश, लिंबू कापणे. खाली साहेबांनी सही केली आणि शिक्का मारला. बिबट्या तिसऱ्या रकान्यात होता, तो त्यांच्याकडून खोडायचा राहिला. अजूनही कागदोपत्री तो मेलेलाच आहे.

याला आता पंचेचाळीसहून जास्त वर्षं झाली. वस्ताद गेले, गंगूकाकू गेल्या. खोली आहे. वस्तादांच्या मागं जोड्या पुकारायचं काम माझ्याकडं आलं आणि त्यात मी एक लबाडी केली. दर वर्षी दसऱ्याच्या आधी मी आणि हिंदुराव नेमानं भांडायचो. कधी आमटीतल्या मिठावरनं, कधी कुणाच्या नातवाचं नाक कुणावर गेलंय यावरनं. गल्लीला वाटायचं, म्हातारपणी अक्कल गेली. पण भांडण असल्याखेरीज लिंबू मिळत नाही, आणि ते लिंबू आम्हां दोघांना सोडवत नव्हतं.

गेल्या वर्षापासून हिंदुरावचा उजवा हात कापतो. चहाची बशी धरली तरी किणकिण वाजते. या गणपतीत तो मला म्हणाला, "मन्या, यंदा माझं नाव घेऊ नकोस. तुझा हात जाईल."

दुसऱ्या दिवशी बाजारातनं रबराची एक पाल आणली आणि त्याच्या चष्म्याच्या डबीत ठेवली.

आज वीस दिवस झाले, तो माझ्याशी बोलत नाही. दसरा आठवड्यावर आलाय. काल आमची सूनबाई त्याच्या घरावरनं आली आणि म्हणाली, "मामंजी, हिंदुरावकाका ओसरीवर पट्ट्याला तेल लावत बसलेत. तुमच्या नावानं बडबड चाललीय नुसती."

मी तिला बाजारातनं लिंबू आणायला सांगितलंय. चांगलं मोठं बघून आण म्हटलं.